पाव घरी का भाजला जात नव्हता? तीन कुलुपांची गोष्ट

घरी पहिल्यांदाच पाव भाजू पाहणाऱ्यांसाठी हा धागा आहे. भाजताना आपल्या हातून नेमके काय घडते आहे, हे इतिहासाच्या अंगाने समजून घेण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी तर तो आहेच. धागा लांब आहे. पीठ फुगेपर्यंत वाचून होईल.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक मराठी घरांत प्रथमच पाव भाजला गेला. बेकऱ्या बंद, दुकानांतून यीस्टची पाकिटे नाहीशी झालेली, आणि घरोघर कुणीतरी बरणीत पीठ-पाणी कालवून त्यात बुडबुडे येण्याची वाट पाहत बसलेले. हे दृश्य तेव्हा इतके सार्वत्रिक होते की त्यातली विसंगती सहसा कुणाच्या ध्यानात आली नाही. मिसळ, वडा, भाजी, अंडे, खिमा या सगळ्यांशी पावाची सोयरीक जुळवणारा हा प्रांत. पण आजीच्या हातची पुरणपोळी असते, तसा आजीच्या हातचा पाव नसतो. पिढ्यान्‌पिढ्या रोज खाल्ला जाणारा पदार्थ घरातील एकाही बाईला करता येऊ नये, हे चमत्कारिक नव्हे काय?

गहू घरात होता. आंबवण्याची विद्याही होती. आंबोळी, ढोकळा, जिलबी ही सारी आंबवलेल्या पिठाचीच संतती. दुधाला विरजण लावणाऱ्या घराला पिठाला विरजण लावणे अवघड जाण्याचे कारण नव्हते. तरीही पाव उंबऱ्याबाहेरच राहिला. माझ्या मते त्याच्यावर तीन कुलुपे होती : एक खमिराचे, एक भट्टीचे आणि एक हाताचे. तिसरे सर्वांत जड होते, म्हणून त्याकडे शेवटी येऊ.

आधी शब्दाचा निकाल लावू, कारण या शब्दाभोवती दोन लोकप्रिय भाकडकथा आहेत. पायाने मळतात म्हणून पाव, ही पहिली. एका लादीचे चार भाग होतात, त्यातला चौथा हिस्सा म्हणून पाव, ही दुसरी. दोन्ही ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पोर्तुगीज भाषेत रोटीला ‘पांव’ असे सानुनासिक नाव आहे. आपला पाव तेथूनच आला. याची सोपी पडताळणी जपानमध्ये होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानलाही पोहोचले, आणि जपानी भाषेत आजही पावाला ‘पान’ म्हणतात. जपानी माणसाला मराठी पाय ठाऊक नाही आणि मराठी चतुर्थांशही ठाऊक नाही. गोव्यात पाव करणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तेही पोर्तुगीज ‘पादेइरू’चेच कोकणी रूप.

१५१० मध्ये आफोंसो दी आल्बुकेर्कने गोवा घेतला. तेथे वसलेल्या पोर्तुगिजांपुढे जी रोजची अडचण उभी राहिली, ती पोटाची होती. कोकणपट्टी भाताची. गहू उत्तरेकडून, मुख्यतः गुजरातच्या बंदरांतून गलबतांच्या काफिल्यांनी येई. गहू मिळाला, तरी तो फुगवायचा कशाने, हा प्रश्न उरलाच.

येथे एका रूढ समजुतीला हरकत घेतली पाहिजे. गोव्यातील पावाचा उगम सांगताना बहुतेक लेख म्हणतात की चर्चमधील प्रभुभोजनासाठी पाव हवा होता, खमीर मिळेना, म्हणून मिशनऱ्यांनी माडी वापरली. ऐकायला सयुक्तिक, पण रोमन कॅथलिक परंपरेतील प्रभुभोजनाची भाकर बिनखमिराची असते. फुगलेली भाकर की न फुगलेली, हा पूर्वेकडील व पश्चिमेकडील चर्चमधील जुना आणि कडवट वाद होता. १०५४ च्या फुटीच्या वेळी जी भांडणे झाली, त्यांत हा मुद्दा ठळक होता. गोव्यात आलेले पाद्री पश्चिमेकडील परंपरेचे. त्यांच्या वेदीला गहू हवा होता, खमीर नको होते. तेव्हा पिठात माडी पडली ती जेवणाच्या मेजासाठी. धर्माच्या नावावर टाकलेल्या गोष्टींत पुष्कळदा निव्वळ सवयीचा आणि जिभेचा हट्ट असतो, तो इतिहासकाराने वेगळा काढला पाहिजे.

युरोपात खमीर दोन वाटांनी मिळे. एक म्हणजे आदल्या दिवशीच्या मळलेल्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा, जो आज ‘सावरडो’ नावाने पुन्हा मिरवतो आहे. दुसरी वाट म्हणजे बिअरच्या पिंपातील फेस. गोव्यात बिअर नव्हती, आणि राखलेला गोळा दमट उष्ण हवेत भराभर आंबट होतो. पण नारळाची झाडे होती आणि त्यांवर चढणारे रेंदेर होते. नारळाच्या पोयीला छेद देऊन काढलेला रस झाडावरून उतरतानाच आंबू लागलेला असतो. काही तासांत तो फसफसतो. कोकणी तिला सूर म्हणते, आपण माडी. ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी, आणि न आंबलेली ती नीरा. या रसात जंगली यीस्ट मुबलक असते, आणि त्याला खायला साखरही रसातच असते. पिठात पाण्याच्या जागी ताजी माडी घातली की काम झाले. सासष्टीतील माजोर्डे गावाची ख्याती पाववाल्यांचे गाव अशी आहे. जेझुइट पाद्र्यांनी ही कला प्रथम तेथील लोकांना शिकवली, असे तेथील परंपरा सांगते. तेथून ती गोवाभर गेली, आणि उंडो, पोय, कांकण, कातरे अशी तिची नाना रूपे झाली.

आता पहिले कुलूप स्पष्ट दिसू लागते. फुगवण्याचे साधन होते माडी, आणि माडी म्हणजे मद्य. आपल्या भाषिक परंपरेत खमीर आणि दारू यांचे नाते फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘किण्व’ हा शब्द येतो तो सुराध्यक्षाच्या प्रकरणात, म्हणजे मद्याच्या खात्यात; किण्व कसे करावे याची कृतीही तेथे दिली आहे. आज आपण शास्त्राच्या पुस्तकात ज्याला किण्वन म्हणतो, त्या शब्दाचे माहेर गुत्त्यातले. ज्या घरात दारूचा थेंब चालत नाही, त्या घरात माडीने फुगवलेल्या पिठाला चुलीजवळ जागा मिळणार नव्हती.

पण खमिराचा असा संशय केवळ आपल्याकडे होता असे मानू नये. १६६८ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात याच प्रश्नावर खडाजंगी झाली. बिअरच्या फेसाने फुगवलेला मऊ पाव श्रीमंतांत लोकप्रिय झाला होता; तो आरोग्याला घातक आहे, असा कौल तेथील वैद्यांनी बहुमताने दिला. १६७० मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने तरीही त्याला अटींसह परवानगी दिली. खमिरात नेमके काय असते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक नव्हते. वस्तू काम करते, पण का करते हे कळत नाही. मग भीती आणि चव यांच्यात जी प्रबळ असेल, ती जिंकते.

हे ‘का’ कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५७ पासून लुई पाश्चरने आंबण्याच्या क्रियेवर जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांनी ही क्रिया सजीव सूक्ष्मजंतूंमुळे घडते हे प्रस्थापित केले. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडते. वायू पिठात अडकतो, म्हणून पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीच्या धगीत बहुतांशी उडून जाते. १८६८ मध्ये चार्ल्स फ्लायशमन याने अमेरिकेतील सिनसिनाटी येथे दाबून वड्या केलेले यीस्ट विकायला सुरुवात केली; १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते हजारो लोकांनी पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या गरजेतून सुके दाणेदार यीस्ट आले. आज आपण पाकीट फोडून जे चमचाभर दाणे घालतो, ते या प्रवासाचे शेवटचे टोक. माडीतील मुख्य यीस्टचे कुळ आणि पाकिटातील यीस्टचे कुळ एकच आहे. फरक इतकाच की पाकिटातल्याला दारूचा वास येत नाही, आणि मराठी स्वयंपाकघराला एवढा फरक पुरेसा होता. पहिले कुलूप असे, फारसा आवाज न करता, उघडले.

नवशिक्यांसाठी येथेच दोन गोष्टी. पहिली : यीस्ट सजीव आहे, हे मनाशी पक्के धरा. कोमट पाणी म्हणजे बोट सहज बुडवून ठेवता येईल असे. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरते, आणि चहासाठी उकळलेले पाणी उतावीळपणे ओतल्याने जितके पाव बसले असतील, तितके दुसऱ्या कशानेही बसले नसतील. दुसरी : इंग्रजी पुस्तकांत दिलेला वेळ हा थंड देशाचा वेळ असतो. ते दोन तास म्हणतात, तेव्हा चिपळूणच्या मे महिन्यात पीठ तासाभराच्या आतच दुप्पट होऊन बसलेले असते. घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहावे. ज्यांना राखीव आंबवण करायचे असेल, त्यांनी कणीक आणि पाणी समभाग घेऊन बरणीत कालवावे, रोज थोडे काढून तेवढेच नवे घालावे. साधारण आठवड्याभरात त्याला नियमित फेस येऊ लागतो. विरजण सांभाळणाऱ्या घराला हे नव्याने शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा भरवावे किंवा शीतकपाटात ठेवावे, नाहीतर सोळाव्या शतकातल्या त्या पोर्तुगिजांची अडचण आपल्याही वाट्याला येते.

दुसऱ्या कुलुपाकडे वळण्यापूर्वी पिठाविषयी थोडे. गव्हाच्या पिठाचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले, की पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हा प्रयोग इटलीत बोलोन्या येथील बेक्कारी या वैद्याने १७२८ मध्ये केला. आपण ज्याला ग्लुटेन म्हणतो, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याच्या नावे आहे. हाच प्रयोग आपण घरच्या नळाखाली दहा मिनिटांत करू शकतो, आणि प्रत्येक नवशिक्याने तो एकदा करावा असे मी म्हणेन, कारण पाव मळताना आपण काय घडवतो आहोत हे त्याशिवाय हाताला कळत नाही. यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवणारी पिशवी ती हीच. ज्वारी-बाजरीत ती नाही, म्हणून भाकरी फुगते ती वाफेने, आणि क्षणभरच. खपली गव्हात ती दुबळी असते, म्हणून तो खिरीला उत्तम आणि पावाला हट्टी.

पावासाठी गव्हाची जात महत्त्वाची, हे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात शास्त्रशुद्धपणे तपासले गेले. बिहारमधील पुसा येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने गव्हाच्या वाणांवर दीर्घ काम केले; भारतातील गव्हावरचा त्यांचा ग्रंथ १९०९ चा. उत्पन्नाबरोबरच दळणाच्या आणि भाजणीच्या कसोट्यांवरही त्यांनी वाण पारखले. हेतू अर्थातच निर्यातीचा होता : इंग्लंडच्या गिरण्यांना कसा गहू हवा, हा प्रश्न. सोलापूरच्या शेतकऱ्याच्या घरी पोळी कशी होते, ही कसोटी त्या काळच्या साहेबाला सुचणे कठीण होते.

आता भट्टी. आपली चूल खालून धग देते. तवा, कढई, पातेले, मोदकपात्र ही सारी खालच्या आगीची भांडी. पावाला चोहोबाजूंनी कोंडलेली, विटांत साठवलेली, तासभर न ढळणारी धग लागते. ती घरात नव्हती. तंदूर होता उत्तरेत, तोही बहुधा सामाईक किंवा बाजाराचा. आईने अकबरीत बादशाही भटारखान्याच्या रोटीचे प्रमाण दिले आहे : दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. (हा ‘पाव’ मात्र खरोखरच चतुर्थांश.) ही मोठी रोटी भट्टीत भाजली जाई आणि पातळ रोटी लोखंडी तव्यावर. म्हणजे भट्टी होती, पण ती बादशहाच्या मुदपाकात.

१६६० च्या दशकात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये याने तेथील पावाबद्दल तक्रार केली आहे. पाववाले पुष्कळ आहेत, पण त्यांच्या भट्ट्या सदोष, म्हणून पाव धड भाजला जात नाही. किल्ल्यातला बरा असतो, त्यात लोणी, दूध, अंडी सढळ हाताने घालतात, तरी तो जळका लागतो आणि केकसारखा होतो. पॅरिसजवळच्या गोनेसच्या पावाची सर त्याला नाही, असा त्याचा सूर आहे. माणूस कितीही मोठा प्रवासी असो, घरच्या पावाची आठवण त्याला लहान मूल करते. पण निरीक्षण अचूक आहे : दोष पिठाचा नव्हता, भट्टीचा होता.

भट्टी हेच स्वतंत्र कुलूप होते, याचा पुरावा मला वसईकडे सापडतो. १५३४ ते १७३९ एवढा दीर्घ काळ वसई पोर्तुगिजांकडे होती. उत्तर कोकणातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात ‘फुगे’ नावाचा पदार्थ सणासमारंभाला होतो. गव्हाचे पीठ, पारंपरिक रीतीत माडीने आंबवलेले, मुठीतून गोळे सोडून तेलात तळलेले. विचार करा : या घरांत माडीला मज्जाव नव्हता, ख्रिस्ती हाताचा प्रश्नच नव्हता, पीठ तेच, खमीर तेच. तरीही तो गोळा भट्टीत न जाता कढईत गेला, कारण घरात कढई होती. गोव्यातील सान्नांचेही तसेच. तांदळाचे पीठ माडीने फुगवायचे आणि वाफवायचे. खमिराचे आणि हाताचे अशी दोन कुलुपे ज्या घरांत मुळातच नव्हती, तेथेही भट्टीचे कुलूप शिल्लक राहिले. तळण आणि वाफ ही तिला शोधलेली पळवाट.

तेव्हा आज ओव्हन नसल्याने खट्टू होणाऱ्या नवशिक्याने आपण एका जुन्या परंपरेत उभे आहोत असे खुशाल समजावे. जाड बुडाच्या झाकणबंद भांड्यात किंवा शिटी आणि रबरी कडे काढलेल्या कुकरमध्ये मिठाचा थर घालून, जाळीवर पावाचे भांडे ठेवले, तर आतून पाव नीट भाजतो. वरची साल मात्र फिकी राहते, ती शेवटी तव्यावर पालथी करून खरपूस करता येते. ओव्हन असेल तर प्रमाण असे घ्यावे : मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, सुके यीस्ट ५ ग्रॅम. पाववाल्यांच्या हिशेबात पीठ नेहमी शंभर धरतात आणि बाकी सारे त्याच्या टक्क्यांत मोजतात. म्हणजे पाणी ६५, मीठ २, यीस्ट १. ही एक रीत अंगी बाणली की कृतीचे पुस्तक लागत नाही. दहा-बारा मिनिटे सपाटून तिंबावे. थोडा गोळा बोटांवर ताणून उजेडाकडे धरला असता न फाटता पारदर्शक झाला, म्हणजे बेक्कारीचा तो चिवट लगदा तयार झाला. दुप्पट होऊ द्यावे, हवा काढून आकार द्यावा, पुन्हा पाऊण तास झाकून ठेवावे. मग आधीच तापवलेल्या २२० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. गरम असताना कापू नये. हा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा.

आता तिसरे कुलूप.

पश्चिम किनारपट्टीवर एक कथा सर्वत्र ऐकू येते. पोर्तुगीज पाद्री गावच्या विहिरीत पाव टाकत, नकळत ते पाणी प्यालेले लोक बाटले असे ठरे, आणि त्यांना ख्रिस्ती होण्यावाचून गत्यंतर राहत नसे. पोर्तुगीज सत्तेने धर्माच्या बाबतीत केलेली दडपशाही खरी आहे. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये स्थापन झाले आणि १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड सोडता, टिकले. परंतु या कथेकडे नीट पाहिले तर त्यात पाव टाकणारा हात परक्याचा असला, तरी गावाबाहेर काढणारा हात आपल्याच जातीचा आहे. पाव विहिरीत पडल्याने माणसाच्या श्रद्धेत तिळमात्र फरक पडत नाही. फरक पडतो तो शेजाऱ्याच्या नजरेत. ही कथा पोर्तुगिजांविषयी जितके सांगते, तितकेच स्पर्शाच्या आपल्या नियमांविषयी सांगते.

मग पावच का? मराठी घरातील खरकट्याचा नियम आठवा. धान्य आणि पाणी एकत्र येऊन विस्तवावर शिजले, की ते खरकटे. त्याला स्पर्शाचे निर्बंध कडक. तुपात तळलेले, दुधात केलेले, कोरडे पदार्थ तुलनेने मोकळे. पाव म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि आग. खरकट्याच्या व्याख्येत चपखल बसणारी वस्तू. त्यात करणारा बहुधा गोव्याचा ख्रिस्ती किंवा मुसलमान, आणि पुढे इराणी. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे जायचे ठरले. ते शहर वाढत गेले, तसे गोव्याचे पाववाले तेथे पोहोचले, आणि सकाळच्या पावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. सनातनी घरासाठी पाव हा दारावरून जाणारा विटाळ होता.

नेमक्या याच कारणाने १८४९ मध्ये मुंबईतील काही तरुणांनी पावाची निवड केली. त्यांच्या गुप्त मंडळीचे नाव परमहंस सभा. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रणेते. मराठीच्या पहिल्या व्याकरणकारांपैकी एक. जातिभेद मोडणे हे सभेचे उद्दिष्ट. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुढे संस्कृतचे थोर पंडित म्हणून कीर्ती पावलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर तरुणपणी या सभेत होते. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पद्मनजी हेही होते.

या प्रसंगाचे चित्र मनात आणून पाहा. विशीतली मुले, बहुतेक आज हा धागा वाचणाऱ्यांच्या वयाची. बंद दार. समोर बाजारातून आणलेला, बहुधा माडीचा आंबूस वास असलेला पाव. एक घास खायचा. तो गिळला की आपल्या जातीच्या कायद्याने माणूस संपला : लग्न जुळणार नाही, श्राद्धाला ब्राह्मण येणार नाही, आई पंक्तीत बसवणार नाही. शपथपत्राला सही लागते आणि सही नाकारता येते. खाल्लेला घास नाकारता येत नाही. म्हणून सभेने शपथेच्या जागी पाव ठेवला. या तरुणांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे : आत पाव खाणारे बाहेर सोवळे पाळत होते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला जाऊन बाहेर फुटली, आणि सभा विस्कटली. भट्टीपेक्षा मोठी धग समाजाची होती. १८६७ मध्ये याच वर्तुळातील काहींनी उघडपणे प्रार्थना समाज स्थापन केला.

त्यानंतरही कुलूप सहजी निघाले नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तेथे होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली, आणि पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आयोग बसला. रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. कोणी प्यायला, कोणी नुसता कपाला हात लावला, याची बारकाईने छाननी झाली. बिस्किट हे पावाचेच धाकटे भावंड. हाताचा प्रश्न तोच.

पुढे हे कुलूप कुणी एका घावात फोडले नाही, ते गंजत गेले. आजाऱ्याला पचायला हलका म्हणून दूध-पाव आला. चहाबरोबर पाव आला. गिरणगावात आणि कचेऱ्यांच्या आसपास पोटाची घाई आली. १९६५ मध्ये केंद्र सरकारनेच मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, आणि कागदात गुंडाळलेला, कुणाचा हात लागला हे न दिसणारा कापीव पाव घरात शिरला. ज्या पदार्थाला कर्ता दिसतो त्याला जात विचारता येते. यंत्राला विचारता येत नाही. मात्र या सोयीबरोबर पाव करणाऱ्याचा चेहराही पुसला गेला, हे विसरू नये. गोव्यात अजून सायकलचा भोंगा वाजवीत पोदेर येतो. तेथेही आता भट्टीत बहुतेक ठिकाणी माडीऐवजी पाकिटातले यीस्ट असते, कारण झाडावर चढणारे रेंदेर कमी झाले.

एक दुवा राहिला. मराठी घराने भट्टीशी पहिला व्यवहार केला तो पावासाठी नव्हे, नानकटाईसाठी. दिवाळीच्या आधी घरी तूप-साखर फेसून, मैदा मिसळून, गोळे वळून ताटे सजवायची, आणि ती डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला न्यायची, ही पद्धत गावोगाव होती. ताटावर नावाची चिठ्ठी, बाहेर मुलांची रांग. वर सांगितलेला खरकट्याचा नियम येथे लावून पाहा : नानकटाईत पाणी नाही. तूप, साखर, पीठ. मळणारा हात घरचा. परक्याची होती ती फक्त आग. खमीरही नाही, सोड्यावर काम भागते. म्हणजे तिन्ही कुलुपांना वळसा घालून जाणारा हा पदार्थ होता, आणि म्हणूनच सोवळ्या घरांतूनही तो इराण्याच्या किंवा मुसलमानाच्या भट्टीपर्यंत पोहोचू शकला, असे माझे अनुमान आहे. ‘नान’ फारसी, ‘खताई’ म्हणजे चीनकडचा प्रदेश. नाव एवढे दूरचे आणि ताट शेजारच्या काकूंचे. ज्यांच्या घरी अशी ताटे बेकरीत जात असत, त्यांनी आजीला विचारून वर्ष, गाव आणि भट्टीवाल्याने घेतलेली मजुरी खाली नोंदवावी. नानकटाईचा धागा पुढच्या आठवड्यात, त्या नोंदी हाताशी धरून लिहीन.